बिअरच्या अंगी फळ लागावं म्हणून

गव्हाची बिअर मुळात समजूतदार. निम्मा गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), निम्मा बार्लीचा, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) बेताचे. यीस्ट टाकलं की बहुतेक काम आठवडाभरात उरकतं. गढूळ दिसली तरी कोणी नावं ठेवत नाही, ती तशीच असायची. अशा बिअरमध्ये ताजी फळं घालायची बुद्धी होणं म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं. तरीही ज्याला राहवत नाही, त्याला मी काय अडवणार?

पहिला भ्रम गोडव्याचा. रासबेरी घातली की बिअर गोड होणार, असं सगळ्यांना वाटतं. यीस्टचं मात्र असतील शितं तर जमतील भुतं. फळातली साखर ते फस्त करतं आणि आपल्यासाठी आंबटपणा व बिया मागे ठेवतं. गोडवाच हवा असेल तर बर्लिनकर शहाणे: आंबट गव्हाची बिअर पेल्यात ओतायची आणि त्यातच रासबेरीचं सरबत घालायचं. ना लगद्याची पिशवी, ना बिया.

प्रमाण म्हणाल, तर रासबेरी लिटरला 100 ते 120 ग्रॅम पुरे. पीच, जर्दाळू मुखदुर्बळ. 200 ग्रॅमच्या खाली त्यांचा आवाजच ऐकू येत नाही. स्ट्रॉबेरी म्हणजे नुसतं दर्शन. काही दिवसांत तिचा रंग उतरतो, सुगंध ओसरतो आणि तळाशी पांढुरकी भुतं उरतात. मी तरी तिच्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन.

फळं कधी घालायची, यावर निम्मा खेळ. किण्वन जोरात असताना घातली, तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुगंधही बरोबर घेऊन जातो. खोली दरवळते, बिअर कोरडी ती कोरडीच. फेस खाली बसू द्या, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) 1.050 वरून 1.012 च्या आसपास आला की मग घाला. तोवर अल्कोहोल तयार झालेलं असतं, त्यामुळे उपऱ्या जंतूंनाही थोडा वचक बसतो.

फळं धुवा, देठ-आठळ्या काढा आणि रात्रभर गोठवा. बर्फाने पेशी फुटतात, रस सहज सुटतो. पण गोठवल्याने जंतू मरतात ही अफवा आहे. बरेचसे नुसते गारठून बसतात. त्यांच्यासाठी लगदा 70 अंश सेल्सिअसला 15 मिनिटं ठेवा आणि बिअरइतका थंड करून मगच घाला. उकळलात तर पेक्टिन (फळातला, जॅम घट्ट करणारा घटक) सुटून धूसरपणा वाढेल (तो या बिअरमध्ये खपून जाईल) आणि शिजलेल्या जॅमची चव येईल, ती काही लपणार नाही. डब्यातला लगदा वापरणार असाल तर आधी लेबल वाचा. त्यात सॉर्बेट किंवा बेन्झोएट (टिकवण्यासाठी घातलेली रसायनं) असेल तर यीस्ट असहकार पुकारतं.

आता खरा तमाशा. फळ पडताच निवांत यीस्ट पुन्हा जेवायला बसतं. 20 लिटर बिअर 23 लिटरच्या भांड्यात असेल तर लगदा फेसावर स्वार होऊन वर येतो, एअरलॉकच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या झडपेच्या) नळीत अडकतो, आत दाब वाढतो आणि झाकण छताची चौकशी करून येतं. मागोमाग रासबेरी. भांडं 30 लिटरचं घ्या, किंवा एअरलॉक काढून जाड नळी लावा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा. जाळीची पिशवी उकळून घ्या, लगदा तिच्यात सैल बांधा, आत वजनाला स्टीलचा चमचा टाका. तरंगणारं फळ वरून सुकलं की बुरशीला आयतं अंगण मिळतं. म्हणून पिशवी रोज निर्जंतुक दांड्याने हळूच दाबायची. ढवळायचं अजिबात नाही. ढवळण्याबरोबर हवा शिरते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

बाटल्या भरायची घाई नडते. हायड्रोमीटरचा नमुना गाळून घ्या. लगद्यात रुतलेला हायड्रोमीटर वाटेल तो आकडा सांगतो. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, की पिशवी काढा, दोन-तीन दिवस बिअर थंड ठेवा आणि मगच सायफन लावा. नळीच्या टोकाला जाळी हवीच, नाहीतर रासबेरीची एक बी अख्खी नळी तुंबवते. बाटलीत फेस धरावा म्हणून लिटरला 7 ग्रॅम साखर. फळातली साखर शिल्लक असताना ही वरची घातलीत, तर बाटल्या कपाटातच फुटतात. तीनेक आठवड्यांनी थंड करा आणि फार साठवू नका. फळाचा सुगंध बिअरच्या आधी म्हातारा होतो.