प्रसिद्ध म्हणजे कुणासाठी?
एकाच नावाची बरीच गावं असली की विकिपीडियावर सगळ्यात प्रसिद्ध गावाच्या पानाला साधं नाव द्यायचं आणि बाकीच्यांपुढे कंसात देश टाकायचा, हे पानांच्या नावांवरच्या या लेखात एका ओळीत उरकलंय, पण प्रसिद्ध कुणासाठी? कोर्दोबा घ्या, आपल्याला स्पेनचंच आठवतं, पण अर्जेंटिनातल्या कोर्दोबाची लोकसंख्या १३ लाखांच्या वर आहे, स्पेनवाल्याच्या कितीतरी पट, मग कंसात कोण बसणार?

मी विकिपीडियावर लिंका दुरुस्त करत बसतो (हौस, दुसरं काय), तिथे चुकीच्या गावाला गेलेली लिंकपण बरोबर लिंकेसारखी निळीच दिसते म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही, एका अर्जेंटिनाच्या फुटबॉलपटूचा जन्म कित्येक महिने स्पेनमध्ये झालेला होता! साध्या नावावर निःसंदिग्धीकरण पान (त्या नावाच्या सगळ्या गावांची नुसती यादी) ठेवलं की अशा लिंका त्या पानाच्या ‘येथे काय जोडले आहे’मध्ये, म्हणजे पानाकडे येणाऱ्या लिंकांच्या यादीत, लगेच सापडतात. वाचकाला एक क्लिक जास्त पडतो, पडू दे की.