सागवानी खुर्चीचा तो फॉरवर्ड अर्धाच खरा आहे

गेले काही दिवस आमच्या बेळगावातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायलाय. ऑफिस फर्निचर म्हणजे नुसती लूट, घरचं काय आणि ऑफिसचं काय सगळं एकच, सागवानी खुर्ची घ्या पन्नास वर्षं टिकते नि पाठ पण ताठ राहते, चाकाची खुर्ची दोन वर्षात भंगारात. मी सुतारकामातला माणूस, सागवानावरच पोट चालतं, तरी हे खोडून काढायलाच पाहिजे.

आधी 'सगळं एकच' हे घ्या. जेवायच्या खुर्चीवर माणूस अर्धा तास बसतो आणि उठतो, तिची बैठक साधारण 18 इंचावर, ती वरखाली होत नाही, पाठ हलत नाही, आणि तेवढ्या वेळाला ते चालतंय की. ऑफिसची खुर्ची आठ तासांसाठी केलेली असते, बैठक 16 ते 20 इंचापर्यंत वरखाली होते, पाठ आपल्याबरोबर मागं जाते, कमरेच्या खोलगट भागाला टेकू असतो. अमेरिकेतल्या बिफ्मा या ऑफिस फर्निचर बनवणाऱ्यांच्या संस्थेच्या टेस्टमधे तर बैठकीवर 57 किलो वजन एक लाख वेळा आदळून बघतात. घरच्या खुर्चीला असलं कोण बघतंय?

पाठ ताठ राहते म्हणे. माझी भाची टिळकवाडीत घरातनंच पुण्याच्या कंपनीचं काम करते, उंची पाच फूट एक इंच, आजोबांच्या सागवानी खुर्चीवर दोन उशा घेऊन बसायची आणि सहा महिन्यात मान, कंबर दोन्ही धरली. लाकूड उत्तमच होतं हो, पण ताठ लाकडाला टेकून दिवसभर एकाच ठेवणीत बसलं की पाठ आखडणारच, पाठीला हालचाल लागते.

दोन वर्षात भंगार? बहुतेक वेळा खुर्ची आपोआप खाली बसायला लागते म्हणजे बैठकीखालचा, तिला वरखाली करणारा गॅसचा सिलिंडर गेलेला असतो, नाहीतर चाक तुटलेलं. दोन्ही बदलून मिळतं, अख्खी खुर्ची टाकायची नाही. फक्त घरी शहाबादी किंवा टाइल्स असतील तर कडक नायलॉनची नको, मऊ चाकं बसवून घ्या.

टिकण्याचा मुद्दा मात्र कपाट-टेबलाच्या बाबतीत खराच, तिथं मी त्या मेसेजच्या बाजूनं आहे. खानापूरकडच्या पावसात ऑफिसच्या कपाट-टेबलांना वापरतात त्या पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीच्या, कडेला पाणी लागलं की तो फुगतो, परत बसत नाही, आणि एकदा खोलून जोडला की स्क्रू धरत नाही, तिथं सागवान नाहीतर चांगला प्लायच पाहिजे.

म्हणून भाचीला टेबल आजोबांचंच ठेवायला सांगितलं, खुर्ची तेवढी बदलली. टेबल 30 इंच, कोपर त्याच्या बरोबरीला यायला खुर्ची वर घ्यावी लागली आणि पाय लोंबकळायला लागले, मग उरलेल्या सागवानाचा चार इंची पाट करून पायाखाली दिला.