‘टाकलेल्या’ मुली आणि कृतघ्नपणाचा शिक्का

नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला. चिनी आईबापांनी मुली टाकल्या, अमेरिकनांनी त्या रीतसर सरकारी कागदांवर दत्तक घेऊन लाडाकोडात वाढवल्या, म्हणजे त्या अमेरिकनच झाल्या, आणि आता पंचविशीत याच पोरी ‘माझे खरे आईबाप कुठे’ म्हणत चीनच्या वाऱ्या करतात. याला कृतघ्नपणा म्हणतात म्हणे.

‘टाकल्या.’ काही टाकल्या, खरंय. मुलगाच हवा हा हट्ट तिथेही होता. पण एक मूल धोरणात खेड्यांत बहुतेक ठिकाणी सूट होती ती एवढीच, की पहिली मुलगी असेल तर दुसरं मूल चालेल. दुसरीही मुलगीच झाली आणि तिसऱ्यांदा नशीब पाहायचं ठरवलं, की जबर दंड, वर नसबंदीची सक्ती. मूल टाकणं हा गुन्हा, त्यामुळे उजळ माथ्याने कुणाच्या हाती सोपवायचीही सोय नाही. म्हणून मग पहाटेचा बाजार, नाहीतर अनाथालयाचं फाटक. बरं, गावातल्याच कुणी घ्यावी, तर १९९२ साली लागू झालेला दत्तक कायदा आडवा यायचा: घेणारे निपुत्रिक हवेत आणि पस्तिशी गाठलेले हवेत. ही अट १९९९ मध्ये सैल झाली. आपल्याकडे साताऱ्यात २०११ मध्ये ‘नकुशा’ नावाच्या कितीतरी मुलींची नावं बदलली गेली. आपण चीनकडेही त्याच चष्म्यातून बघतो. पण नकुशा निदान घरात तरी राहिली.

‘कागद सगळे सरकारी आहेत.’ घोळ तिथेच आहे. हुनान प्रांतातल्या हेंगयांग भागातली अनाथालयं दलालांकडून बाळं विकत घेत होती, हे २००५ मध्ये उघड झालं. परदेशी पालकांकडून एका मुलामागे तीनेक हजार डॉलर ‘देणगी’ यायची, त्याचा हा हिशेब. त्याच प्रांतातल्या लोंगहुई तालुक्याबद्दल २०११ मध्ये चिनी पत्रकारांनीच लिहिलं, की कुटुंबनियोजनवाल्यांनी दंड न भरणाऱ्यांच्या घरातून बाळं उचलून नेली. कागदावर तीही बेवारस.

‘अमेरिकेत वाढल्या, म्हणजे अमेरिकनच.’ हे त्या मुलींना कशाला? २०२० मध्ये आशियाई चेहरा दिसला की करोनावरून शिव्या देणाऱ्यांना सांगा.

राहिला कृतघ्नपणा. कितीतरी जणींबरोबर दत्तक आईबाबाच चीनला गेलेत, आणि कितीतरी जणींना शोध घ्यायचाच नसतो. ज्यांना घ्यायचाय त्यांच्या हाती काय असतं? अनाथालयाने दिलेलं आडनाव, जे कधीकधी तिथल्या सगळ्याच मुलांचं एक असतं. अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख. फार तर ‘मूल सापडले’ अशा जाहिरातीचं कात्रण. आपल्याकडे पत्रिकेसाठी जन्मवेळेच्या मिनिटावरून वाद घालणाऱ्यांनी तरी यावर हसू नये.

सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने, जवळच्या नात्यातली प्रकरणं वगळता, परदेशी दत्तक बंद केलं. तोवर दीड लाखाहून जास्त मुलं बाहेर गेली होती, त्यातली निम्म्याच्या आसपास अमेरिकेत. नव्वदच्या दशकात ज्यांची मुलं गेली ते आईबाप आता पन्नाशी-साठीत आहेत. डीएनए जुळवायचा तर त्यांच्या हयातीतच जुळवायला हवा.