मुलीचा ताबा आणि फ्लॅटचा ताबा एक नसतो

धाकट्या भावाची कस्टडीची केस चालू आहे. त्याला आणि भावजयीला, दोघांनाही विचारून लिहितेय, कारण आमच्यासारखीच चुकीची माहिती घेऊन कोर्टात जाणारी घरं आजूबाजूला खूप दिसतात.

भावजय सहा वर्षांच्या भाचीला घेऊन नाशिकला माहेरी गेली तेव्हा आमच्या घरात पहिलं वाक्य निघालं, "कायद्याने मूल बापाचंच असतं." मीही तेच म्हणाले होते, खोटं कशाला सांगू. वकील मॅडमकडे गेलो तर आम्ही सुरू, पगार किती, फ्लॅट केवढा, आजीआजोबा घरात आहेत वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भावाला एवढंच विचारलं की शाळेच्या बसवरून तिला रोज कोण आणायचं, ताप आला की रजा कोण टाकायचं. भाऊ गप्प बसला. दोन्हीचं उत्तर भावजय हेच होतं.

मग त्यांनी समजावलं ते असं. हिंदू कायद्यात (१९५६ चा) नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलंय खरं, पण १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 'नंतर' म्हणजे फक्त वडील वारल्यावर नाही, वडील लक्षच घालत नसतील तर ते हयात असतानाही आई पालक असते. आणि पालक असणं वेगळं, मूल रोज कोणाकडे राहणार हे वेगळं. तिथे एकच गोष्ट बघतात, मुलाचं हित. सगळ्या धर्मांना लागू असणारा १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे त्यातही हेच आहे. पाच वर्षांखालचं मूल 'साधारणपणे' आईकडे, पण तोही दगडावरची रेघ नाही. पगार कमी म्हणून आईला मूल मिळत नाही असंही नाही, मूल आईकडे आणि खर्च वडिलांकडे अशा ऑर्डरी सर्रास होतात.

अजून एक, "नऊ वर्षांची झाली की तीच सांगेल कोणाकडे राहायचं" हे आपण सगळे ऐकत आलोय. असं ठरलेलं वय कायद्यात नाही. मूल समजदार असेल तर जज त्याच्याशी बोलतात, मत विचारात घेतात, पण ठरवतात तेच. त्यामुळे मुलाला पढवून पाठवू नका हो, हात जोडून सांगते. सात वर्षांच्या पोरीने आईविरुद्ध पाठ केलेली वाक्यं म्हणायची, काय होत असेल तिच्या पोटात!

भावाला केस पुण्यात हवी होती, पण पालकत्वाचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात लागतो, आणि तोवर भाचीची नाशिकची शाळा सुरू होऊन वर्ष होत आलेलं. आमचे ते महिने "ती येईल परत झक मारत" म्हणण्यात गेले. माझा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवर आहे, आमच्या स्वतःच्या हट्टावर. मूल एका जागी रुळलं की कोर्टही त्याला सहजासहजी उपटत नाही आणि बरोबरच आहे ते.

फॅमिली कोर्टात आधी समुपदेशकाकडे बसवतात. तिथे दोघं पहिल्यांदा भाचीबद्दल बोलले, एकमेकांबद्दल नाही. अंतरिम ऑर्डर झाली, दुसरा आणि चौथा शनिवार भेट, आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, दिवाळीची आणि मेची सुट्टी अर्धी अर्धी. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवायची किंवा पैसे आले नाहीत म्हणून भेट थांबवायची, हे दोन्ही चूक. मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांची गोष्ट मात्र वेगळी, तिथे २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि मुलाला धोका असेल तर भेटही नाकारता येते, त्यांना कोणी "समजून घे" असं सांगू नये.

कस्टडीची ऑर्डर दगडात कोरलेली नसते, परिस्थिती बदलली की बदलून मागता येते. म्हणून पहिल्या तारखेला हरलो म्हणून रडणारी आणि जिंकलो म्हणून पेढे वाटणारी माणसं बघितली की मला कसंतरीच होतं, पेढे कशाचे?

पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. तोवर भाऊ दुसऱ्या चौथ्या शनिवारी पहाटेची एसटी धरून नाशिकला जातो, गेल्या वेळी भावजयीनेच त्याला फोन करून सांगितलं की तिचा खोकला गेलेला नाही, आइस्क्रीम नको देऊस.