नारळ उभा राहतो, पण बल कोणाचं?

काल रात्री साडेदहाला मोठ्या बाबांनी एक मेसेज पाठवला आणि लगेच फोन केला. “पाह्यलं का? आता तं सायन्सनंच सांगतलं.”

बोअरची जागा ठरवायला तळहातावर आडवा नारळ धरून वावरात फिरतात; तो उभा झाला की खाली पाणी आहे असं मानतात. मेसेजचं म्हणणं असं: जमिनीखालच्या वाहत्या पाण्याचं चुंबकीय बल आणि गुरुत्वाकर्षण मिळून नारळातल्या पाण्याला ओढतं, म्हणून तळहातावरचा आडवा नारळ उभा होतो. ओ पॉझिटिव्ह रक्ताच्या आणि पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाच्या अंगात लोह जास्त, म्हणून ते त्यांनाच जमतं. शिवाय पाण्याच्या घर्षणाने वीज तयार होते. खाली ‘किमान दहा शेतकऱ्यांना पाठवा’. या उन्हाळ्यात हा मेसेज मला चौथ्यांदा आला. मी शाळेत ‘बल’ शिकवते, त्यामुळे जरा जास्तच झोंबला.

आधी गुरुत्वाकर्षण. खालचं पाणी नारळाला ओढतं, हे खरं आहे. जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते. पण किती? ३०० फुटांवर एक लाख टन पाणी साचलंय असं धरा. अर्ध्या किलोच्या नारळावर त्याची ओढ एका मिलिग्रॅमच्या पंचविसाव्या भागाच्या वजनाएवढी, म्हणजे मिठाच्या बारीक कणाहूनही कमी. आणि ती ओढ खाली! खाली ओढल्यावर आडवा नारळ उभा कसा राहील? बैलाला मागे ओढून बंडी पुढे नेण्यासारखंच हे. मेसेज लिहिणाऱ्याला बलाला दिशा असते एवढंही सुचलं नाही.

चुंबकाचं तर उलटंच आहे. पाण्याला चुंबक ओढत नाही, अगदी किंचित दूर ढकलतो. १९९७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखनला या किंचित बलावर जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला होता, पण त्यासाठी १६ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लागलं (टेस्ला हे ते मोजायचं एकक). आपल्या शेतातलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या साडेतीन-चार लाख पट कमी.

रक्तगटाचा लोहाशी संबंध नाही, आणि रक्तातलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. चिकटत असतं तर एमआरआयच्या मशीनमधून माणूस जिवंत बाहेर आला नसता. घर्षणाला तर दोन वस्तू एकमेकींना टेकलेल्या लागतात. खडकाच्या भेगांत झिरपणारं पाणी ३०० फूट वरच्या तळहाताला कुठे टेकलं?

मग नारळ उभा राहतो तो कशाने? राहतो, मी पाहिलंय. लांबट नारळ तळहातावर मुळातच डळमळीत असतो. बोटं जराशी वाकली, मनगट केसभर कललं की त्याचा तोल जातो आणि शेंडी वर होते. हे स्नायूंचं बल. धरणाऱ्याला स्वतःलाही ते कळत नाही, त्यामुळे सगळेच लबाड असतात असं मी म्हणत नाही. मागच्या महिन्यात आमच्याच विहिरीच्या तोंडावर फळी टाकून मी नारळ आडवा ठेवला. खाली दोन पुरुष खोल पाणी. नारळ हलला नाही. मोठे बाबा म्हणाले, “फळीले काय समजते? हात लागते त्याले.”

तेच तर म्हणतेय मी.

जमिनीखालचं पाणी ओळखण्याच्या अशा दाव्यांची मोठी परीक्षा १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळच्या एका कोठारात झाली. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ सरकवायचा, वरच्या मजल्यावरच्या माणसाने तो कुठे आहे ते सांगायचं. सुमारे ५०० पाणी पाहणाऱ्यांतून निवडलेल्या ४३ जणांच्या ८४३ चाचण्या झाल्या. आयोजकांनी त्यातले सहा जण खरे ठरवले. १९९९ मध्ये एनराइट नावाच्या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले, तर त्या सहांचाही अंदाज डोळे मिटून बोट ठेवण्याइतकाच निघाला.

एक मात्र कबूल करावं लागेल. जुने पाणी पाहणारे नाल्याचा वळसा, उंबर, जमिनीचा उतार बघतात, आणि आपल्या काळ्या दगडाच्या भागात वरच्या झिजलेल्या थरात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं. श्रेय जातं नारळाला. पण पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आमच्या आतेभावाच्या वावरात नारळ ताठ उभा राहिला, बोअरला पाणीही लागलं, आणि ते इतकं खारं की बैलांनी तोंड लावलं नाही. पाणी गोड की खारं, हे बल सांगत नाही वाटतं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याला आहे. तिथे अर्ज देऊ म्हटलं, जमिनीत वीज सोडून थर तपासता येतात. मोठे बाबा म्हणाले, त्याले वेळ लागते. बोअरची गाडी सोमवारी येतेय. जागेवर नारळ फोडून झालाय.