दहा बोटांच्या ठशांत मुलाचा मेंदू दिसत नाही

दहावीचा निकाल जवळ आला की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात तो असा: बोटांचे ठसे आणि मेंदू आईच्या पोटात एकाच वेळी, 13 ते 19 आठवड्यांत घडतात; एकेक बोट मेंदूच्या एकेका भागाशी जोडलेलं असतं; म्हणून दहा बोटं स्कॅन केली की मूल बघून शिकतं की ऐकून, सायन्स घ्यावं की कॉमर्स, सगळं कळतं. चाचणीचं नाव डीएमआयटी, म्हणजे ‘डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट’. वर ‘मेंदूविज्ञानानं सिद्ध’ असा शिक्का.

‘ठसे आणि मेंदू एकाच थरातून येतात.’ इथवर खरं आहे. त्वचेचा वरचा थर आणि मेंदू, दोन्ही गर्भाच्या सर्वांत बाहेरच्या थरातून, बाह्यस्तरातून येतात. पण केस, नखं आणि दातांचं एनॅमलही त्यातूनच येतं, आणि दात बघून कुणी शाखा निवडत नाही. साधारण दहाव्या आठवड्यापासून बोटांच्या टोकांवर रेघा उमटू लागतात. तेव्हा टोकावर जो मऊ फुगवटा असतो त्यावर नक्षी बरीचशी ठरते: उंच असेल तर चक्र, मध्यम असेल तर शंख, बसका असेल तर कमान. 2022 साली 23 हजारांहून अधिक लोकांच्या ठशांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुढे आली ती हातापायांची घडण ठरवणारी जनुकं. शिवाय ठसे जन्माआधीच कायमचे होतात, तर मेंदूच्या पुढच्या भागाची घडण विशीतही चालू असते.

‘अंगठा म्हणजे विचार, करंगळी म्हणजे दृष्टी.’ हे तर सरळ चूक. मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला जागं ठेवून, सौम्य वीज देत वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या शल्यविशारदानं 1930च्या दशकात शरीराचा नकाशाच काढला. पाचही बोटांची संवेदना मेंदूच्या एकाच पट्टीत, शेजारीशेजारी येते, आणि अंगठ्याचा शेजारी असतो चेहरा. दृष्टीचा भाग पार मागे, डोक्याच्या पिछाडीला. करंगळीचं तिथे काही काम नाही.

‘रेघा जास्त, तर शिकण्याची क्षमता जास्त.’ रेघा मोजतात कशा ते आधी पाहा. शंखात एक केंद्र असतं आणि एक तिठा, म्हणजे जिथे रेघा तीन दिशांना फाटतात ती जागा. या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा मधल्या जितक्या रेघा छेदते, तो त्या बोटाचा आकडा. चक्रात तिठे दोन, म्हणून दोनदा मोजून मोठा आकडा धरतात. साध्या कमानीत तिठाच नसतो, म्हणून आकडा शून्य! दहा बोटांची बेरीज आनुवंशिकतेच्या अभ्यासाला खरोखर उपयोगी पडते, पण तिचं ‘क्षमता 68 टक्के’ असं रूपांतर करायला कसलाच आधार नाही. त्यातही मोजणी बिघडते. तिठा बऱ्याचदा बोटाच्या कडेला असतो. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न फिरवता नुसतं टेकवलं, तर तो स्कॅनमध्ये येतच नाही. (आणि हे तेच ठसे, जे आधारला लागतात. पासवर्ड बदलता येतो, बोटं नाही. स्कॅन कुठे राहतात आणि पुसतात कधी, हे लेखी मागा.)

‘पण आमच्या मुलाचा अहवाल तंतोतंत जुळला!’ खरी मेख इथे आहे. 1948 साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं 39 विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून कागद दिले. सगळ्यांना मजकूर एकच होता, तरी विद्यार्थ्यांनी त्याला अचूकतेचे पाचापैकी सरासरी 4.26 गुण दिले. ‘हुशार आहे, पण आवड नसेल तर लक्ष देत नाही’ हे वाक्य सातपूरच्या पोराला लागू पडतं आणि पंचवटीच्या पोरीलाही. पडताळा सोपा आहे. सोसायटीतली, सारख्या वयाची पाच मुलं घ्या. त्यांच्या अहवालांवरची नावं झाका, क्रमांक घाला, आणि प्रत्येक पालकाला पाचांतून आपल्या मुलाचा अहवाल ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानंही सरासरी एक पालक बरोबर येतोच. तेवढंच आलं, तर अहवालात तुमचं मूल नाही. अहवालातली इयत्ता, शाळा, छंदही झाका; नाहीतर ओळख पटते ती त्यावरून.

‘बघून शिकणारा, ऐकून शिकणारा.’ 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी यावरचे अभ्यास तपासले. शैलीनुसार शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. नकाशा पाहूनच शिकावा लागतो आणि उच्चार ऐकूनच, मूल कुठलंही असो. ‘डाव्या मेंदूची मुलं’ हीसुद्धा बाजारातलीच भाषा.

मूल कसं शिकतं हे पाहायचंच असेल तर स्कॅनर नको, चिठ्ठ्या पुरतात. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानं चित्र उलटलं: आठवणाऱ्यांना 56, वाचणाऱ्यांना 42. ‘वाचलं तेव्हा येत होतं, पेपरात आठवलं नाही’ ही तक्रार इथूनच येते.

धडा वाचून झाला की पंधरा चिठ्ठ्या करा. पुढे प्रश्न, ‘नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीला कोणती नदी मिळते?’, मागे उत्तर, कादवा. उत्तर आधी तोंडानं किंवा लिहून द्यायचं, मगच चिठ्ठी उलटायची. आधी उलटली तर ते पुन्हा वाचनच झालं. बरोबर आलेल्या चिठ्ठ्या दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. चुकलेल्या रोज, सलग दोनदा बरोबर येईपर्यंत. सातव्या दिवशी पंधरापैकी निम्म्यांहून जास्त चुकल्या, तर मधली अंतरं कमी करा.