कॅसलव्हेनियात भीती ड्रॅक्युलाची नाही, जिन्याची

कॅसलव्हेनिया या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला की आपल्याकडचे गेमर थेट त्यातल्या १९९७ च्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’वर येतात आणि त्याआधीचं सगळं ‘जुनं, उगाच अवघड’ म्हणून बाजूला सारतात. मला हे अजिबात पटत नाही.

कोनामी या जपानी कंपनीने मालिकेतला पहिला गेम जपानमध्ये १९८६ साली काढला. चाबूकवाला सायमन बेलमाँट, समोर किल्ला, टोकाला ड्रॅक्युला. गोष्ट संपली. शेवटच्या श्रेयनामावलीत तर चक्क टिंगल आहे: ‘क्रिस्टोफर बी’, ‘बेलो लुगोसी’, म्हणजे सिनेमात ड्रॅक्युला झालेल्या क्रिस्टोफर ली आणि बेला लुगोसी यांच्या नावांची मोडतोड! भुतंखेतं करणाऱ्यांनीच मनावर घेतली नव्हती, आपण काय घाबरणार?

घाबरवतो तो सायमनचा देह. एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. जिन्यावर असताना उडीच नाही. फटका बसला की गडी मागे फेकला जातो, आणि मागे खड्डा असला की खेळ खलास. पंधराव्या स्टेजचा तो बोळ आठवा. कुऱ्हाडी फेकणारे चिलखती शिपाई वाट अडवून उभे, वरून मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत येतायत, आणि हे सगळं पार केलं की पुढे बॉस, म्हणजे टप्प्याअखेरचा बडा शत्रू: साक्षात मृत्यू. बटणं बडवून तिथे काही होत नाही. मुंडकं वर जाऊ द्यायचं, दोन पावलं टाकायची, थांबायचं, मग चाबूक. तोही हात उगारल्यावर क्षणभराने लागतो. म्हणजे प्रत्येक निर्णय आधी घ्यायचा आणि मग निमूट भोगायचा.

नव्वदच्या दशकात गिरगावात आमच्या चाळीत टीव्ही गेम म्हणजे मारिओ आणि कॉन्ट्रा. सायमनची कॅसेट कुणी आणलीच, तर ‘ती नको रे, लगेच मरतो’ म्हणून बाजूला पडायची. चाळीचा निकाल चुकला असं मी आजही म्हणतो.

‘सिम्फनी’ थोर आहे, वाद नाही. आयामी कोजिमाची चित्रं, मिचिरु यामानेचं संगीत, आणि संपला असं वाटतानाच उलटा टांगलेला अख्खा दुसरा किल्ला! यातला नायक, ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड, चक्क खुर्चीत बसतो. चर्चच्या कबुलीखोलीत बसलात तर पाद्र्याचं भूत कधी द्राक्षाचा रस देतं, कधी पडद्याआडून भाले खुपसतात. पण थोडी लेव्हल वाढवली की अलुकार्डला कशाचीच भीती उरत नाही. किल्ला राहायला झकास, भयाच्या नावाने मात्र बोंब.

निन्टेंडो ६४ या कन्सोलवरच्या १९९९ च्या थ्रीडी प्रयोगात तर राक्षसांपेक्षा कॅमेऱ्याशीच जास्त झुंजावं लागतं. खरं काम झालं ते हातातल्या छोट्या मशीनवर. २००१ ते २००८ दरम्यान गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि डीएसवर सहा गेम आले. (विरार फास्टमध्ये त्यासाठी दोन्ही हात मोकळे मिळणं हाच पहिला बॉस.) त्यातला शेवटचा, ‘ऑर्डर ऑफ एक्लेसिया’, माझ्या मते मालिकेतला सर्वोत्तम. ‘सिम्फनी’सारखी भटकंती आहेच, पण नायिका शानोआ चार फटक्यांत आडवी होते. सायमनच्या काळची धडधड परत आली.

पुढे २०१० मध्ये स्पेनच्या मर्क्युरीस्टीम या स्टुडिओकडे मालिका गेली आणि दिसायला देखणी, खेळायला दुसऱ्याच कुणाची तरी झाली. ‘सिम्फनी’पासून मालिका सांभाळणारे कोजी इगाराशी २०१४ मध्ये कोनामीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर ‘ब्लडस्टेन्ड’ या नव्या गेमसाठी चाहत्यांपुढे हात पसरले तर ५५ लाख डॉलरच्या वर जमले. गिऱ्हाईक हजर होतं, दुकानदारच शटर ओढून बसला होता.

आता २०२४ च्या ‘डॉमिनस कलेक्शन’मध्ये डीएसवरचे तिन्ही गेम मिळतात, एक्लेसियासकट. ‘सिम्फनी’वाल्यांनी कमेंटमध्ये भांडायला जरूर यावं, पण आधी एक्लेसियातल्या दीपगृहाच्या खेकड्याला लिफ्टखाली चिरडून या.